पार्वताकाकीची भिंत

पार्वताकाकी जिवंत आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण असं कुणाविषयी लिहायला घेतलं की वाचणारा मनातल्या मनात हार घेऊन उभा राहतो. काकी नागपुरात मुलाकडे असते. तब्येत ठीक आहे, गोळ्या वेळेवर घेते, असं मुलगा फोनवर सांगतो. साकोलीत माझ्या शेजारचं तिचं घर मात्र बंद आहे, आणि तिच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या भाजीच्या तुकड्यात, वांग्यांना पाणी मी घालतो. डेपोत उशिरा पोचल्यावर हे कारण मी सांगत नाही. कंडक्टरनं दुसऱ्याच्या वांग्यांना पाणी घालावं हे हजेरीवाल्या साहेबांना पटण्यासारखं नाही.

काकी मूळची कोंढ्याची. लग्न होऊन लाखांदूरकडच्या एका तलावकाठच्या गावात गेली आणि तिथून नवऱ्याबरोबर साकोलीला आली. नवरा तलावावर मासे मारणाऱ्या घरचा. साकोलीच्या बाजारात त्यांचं मासोळीचं दुकान होतं. त्यांना सगळे बुवा म्हणायचे. बुवा फार बोलत नसत. दोघांच्या वाट्याचं काकी बोलायची, आणि वर आमच्याही वाट्याचं बोलायची.

तिला माझं नाव माहीत होतं, पण तिनं ते कधी वापरलं नाही. मी 'कंडक्टर' आणि माझी बायको 'कंडक्टरीन'. सकाळी मी खाकी घालून निघालो की कुंपणावरून आवाज यायचा, "का गा कंडक्टर, आज कोनाले उभं घेऊन चालला?" संध्याकाळी परत आलो की, "आला का? गाडी आनली का सोडून आला?" याला उत्तर द्यायचं नसतं. उत्तर दिलं की ती आणखी दहा मिनिटं थांबवून घ्यायची.

आमची कॉलनी हायवेच्या आतल्या बाजूला आहे. पूर्वी धानाची शेतं होती, नंतर प्लॉट पडले. आमच्याकडे पैसा आला की माणूस पहिल्यांदा माती झाकतो. अंगणात सिमेंटचे गट्टू बसवतो, कंपाउंडला छपाई, म्हणजे सिमेंटचा गिलावा, करतो, आणि मग उन्हाळ्यात पाय भाजतात म्हणून गट्टूवर पाणी मारत बसतो. मीही बसवले आहेत, तेव्हा जास्त बोलत नाही. सगळ्या ओळीत फक्त काकीच्या घरामागं उघडी जमीन होती. वांगी, मिरची, तुळस, वालाचा बांबूचा मांडव, आणि टोकाला एक मातीची भिंत.

ही भिंत म्हणजे त्यांच्या जुन्या घराची शेवटची आठवण. मुलगा राजू नागपुरात कंपनीत लागला आणि त्यानं आईबापांना स्लॅबचं घर बांधून दिलं. जुनं घर पाडलं. मागची भिंत पाडायला मिस्त्री गेला, तर काकी तिच्यासमोर पिढा टाकून बसलेली. "जेवून ये, मंग पाहू," म्हणाली. मिस्त्री जेवून आला. ती तिथंच. "चहा घे." त्यानं चहा घेतला. संध्याकाळी त्यानं थापी धुतली आणि तो निघून गेला. राजूनं नागपूरहून फोनवर डोकं फोडून घेतलं, पण भिंत राहिली.

कारण भिंतीला भोकं होती आणि भोकांत माश्या होत्या.

मधमाश्याच, पण पोळं करणाऱ्या नव्हेत. एकेकट्या राहणाऱ्या. अंगावर लव, पोटावर निळसर चमकणारे पट्टे. एक माशी एक भोक करते, आत मातीच्या खोल्या करून अंडी घालते, आणि तिचा संसार तिथंच. राणी नाही, मध नाही, मोहोळ नाही. काकी त्यांना 'भितवाल्या' म्हणायची. वालाच्या मांडवाच्या बांबूत घर करणारा मोठा काळा तो 'भोंगा', आणि गुलाबाची पानं गोल कातरून नेणारी ती 'शिंपीन'. अशी तिची सगळी वस्ती होती. भोंग्याशी तिचं पटायचं नाही, कारण तो बांबू पोखरून मांडव खाली आणायचा. "मुद्दाम करते मेला," म्हणायची, पण नवा बांबू लावताना जुना फेकायची नाही, कुंपणाला टेकवून ठेवायची.

लोक विचारायचे, "काकी, मध निघते का?"

"नाही."

"मंग ठेवल्या कायले?"

"तू कोनता मध देतं? तुले नाही का ठेवलं कॉलनीनं?"

भितवाल्यांचं काम वांग्याला. वांग्याचं फूल लटकतं, परागकण सहजासहजी सोडत नाही. ही माशी फुलाला मिठी मारते आणि अंग थरथरवते. तेवढ्यापुरता तिचा आवाज बदलतो, बारीक होतो, आणि पिवळी भुकटी पडते. काकीला हा आवाज घरातून ऐकू यायचा. भाकरी थापता थापता म्हणायची, "लागली कामाले." हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि सगळंच बरोबर माहीत होतं असंही नाही. दरवर्षी त्याच माश्या परत येतात अशी तिची खात्री होती. एवढीशी माशी किती दिवस जगते, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाली, "तुह्या गाडीतले लोकं रोज नवे असते म्हनून माह्या माश्या बी नव्या का?" खरं तर माझ्या गाडीतले लोकही तेच तेच असतात.

आमच्या समोर एक निवृत्त पटवारीसाहेब राहतात. त्यांनी कुंड्यांत गुलाब लावले होते. एकदा सकाळी ते हातात गुलाबाची फांदी घेऊन आले. पानांच्या कडा अर्धगोल कापलेल्या, अगदी साफ. "हे कोनाचं काम आहे?" असं त्यांनी तलाठी कार्यालयातल्या आवाजात विचारलं. काकीनं पान घेतलं, उलटंपालटं करून बघितलं, आणि म्हणाली, "साहेब, हे तं पंच केलेलं दिसते. कंडक्टरले विचारा."

तिकिटांचा पंच जाऊन मशीन आलं त्याला कितीतरी वर्षं झाली. तरी पटवारीसाहेबांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी खिसे चाचपले. मग काकीनं त्यांना कुंडीजवळ उभं केलं. खूप वेळानं शिंपीन आली, पान कातरलं, पोटाशी धरलं आणि उडाली. साहेब म्हणाले, "फवारा आनतो." काकी म्हणाली, "आना. पन आंधी मले सांगा, मी तुमच्या नातीले शिवनाचा क्लास लावला तेव्हा कापड वाया गेलं होतं का नाही?" याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. साहेबांना लागला असावा, कारण फवारा आला नाही.

संध्याकाळचं त्यांचं वेगळंच होतं. भितवाल्यांमधले नर घर करत नाहीत. दिवस मावळला की एखाद्या काडीवर किंवा दोरीवर ओळीनं येऊन बसतात, दोरी जबड्यानं धरतात आणि तसेच लटकून झोपतात. काकीच्या मागच्या कपड्याच्या दोरीवर हे दहा-बारा लटकलेले असायचे. म्हणून त्या दोरीवर कुणी कपडे वाळत घालत नसे. बुवा बाजारातून आले की हात धुऊन बाजेवर बसायचे आणि ओळीकडे बघायचे. "सगळे घरातून हाकललेले," म्हणायचे. त्यांनी एकेकाला बाजारातल्या मासोळीवाल्यांची नावं दिली होती. जागेवरून दोघं भांडले, एकमेकांना पायानं ढकलायला लागले, की बुवांना भारी मजा वाटायची. "पाह्य, पाह्य, याचं गिऱ्हाईक त्यानं नेलं." बुवांना मी एवढंच बोलताना ऐकलं आहे. काकी त्या वेळेला बोलायची नाही. बाजूला बसून भाजी निवडायची. दिवसातला तेवढाच वेळ ती गप्प असायची.

बुवा पोळ्याच्या सणानंतर गेले. ताप आला, भंडाऱ्याला नेलं, आणि तिथून शववाहिनीतच परत आले. मी त्या दिवशी ड्युटीवर होतो. आलो तेव्हा दारात चपलांचा ढीग होता.

काकी रडली नाही. आमच्याकडे भेटायला आलेली प्रत्येक बाई विधवेच्या गळ्यात पडते, मोठ्यानं रडते आणि तिलाही रडवते. ती रीतच आहे. काकीच्या गळ्यात बायका पडत होत्या आणि ती त्यांची पाठ थोपटत होती, जणू माणूस त्यांचंच गेलं होतं. "रडव वो तिले," एकजण माझ्या बायकोला म्हणाली, "नाही तं मनात बसन." माझ्या बायकोनं प्रयत्न केला आणि स्वतःच रडून परत आली. मी दारात उभा होतो. बुवा मला आवडायचे. मला वाईट वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही. अंगात काहीतरी जड झालं आणि तसंच राहिलं, एवढंच.

दहाव्याच्या आधी घर धुऊन, सारवून काढायचं असतं. कोंढ्याहून काकीच्या दोन भावजया त्यासाठीच आल्या होत्या. हाडापेरानं मोठ्या आणि मनानं त्याहून मोठ्या बायका. त्यांनी शेणाची टोपली आणली, पांढरी माती भिजवली आणि कामाला लागल्या. पण टाइलच्या घरात सारवायला काय असतं? फरशी धुतली, झालं. अंगणात गट्टू. मग त्या मागं गेल्या आणि त्यांना ती भिंत दिसली. सगळ्या घरात सारवण्याजोगी एकच जागा, आणि तिचीही अशी चाळण झालेली. नणंदेच्या घरी उद्या माणसं येणार, ती काय म्हणतील! एका घरावर करायची माया त्या दोघींनी त्या एका भिंतीवर केली. एकेका भोकात बोटानं माती दाबली, वरून शेणाचा हात फिरवला, त्यावर पांढऱ्या मातीचा पोतारा दिला. काकी आत कोपऱ्यात बसली होती. त्या दिवसांत तिनं बाहेर यायचं नव्हतं.

मी दुपारी ड्युटी संपवून मागं गेलो तेव्हा भिंत वाळत आली होती. आरशासारखी गुळगुळीत. भावजया घाम पुसत होत्या. एकीनं मला विचारलं, "कशी झाली जी?"

मी म्हणालो, "चांगली झाली." दुसरं काय म्हणणार?

भिंतीसमोर माश्या उडत होत्या. शेतावरून परत आलेल्या माणसांनी आपलं घर शोधावं तशा. भिंतीपाशी यायच्या, हवेत थांबायच्या, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, परत मागं जायच्या, परत यायच्या. वांग्याचा पराग त्यांच्या पायांना लागलेला होता. मी घरी आलो आणि जेवलो.

काकीनं भिंत पाहिली ती तेरवी झाल्यावर. माणसं गेली होती. ती मागं आली, उभी राहिली, पांढऱ्या मातीवर तळहात ठेवला. मी कुंपणाशी होतो. मला वाटलं, आता ही भावजयांना शिव्या देईल. मी त्याची वाटच बघत होतो, खरं सांगायचं तर.

"मेहनत केली पोरींनी," ती म्हणाली.

मी म्हटलं, "काकी, वरचं खरडून टाकू का? मी टाकतो. अजून कच्चं आहे खाली."

"बुवाच्या नावानं सारवलं आहे ते, भाऊ. ते का मी नखानं खरडू?"

आत माश्यांची पिल्लं होती हे तिला माझ्याहून जास्त कळत होतं. आणि मला ती 'भाऊ' म्हणाली हे मला नंतर घरी गेल्यावर कळलं. त्या दिवसापासून मी कंडक्टर राहिलो नाही. सकाळी खाकी घालून निघायचो तेव्हा कुंपणावरून आवाज येत नसे. आला तर, "जाऊन या भाऊ." याहून एखादी शिवी बरी.

राजू तिला न्यायला थांबला होता. एकट्या आईला साकोलीत ठेवून त्याला जायचं नव्हतं, आणि त्याचं काही चूक नव्हतं. तिनं त्याला आमच्यासमोर सांगितलं, "नवे वांगे फुलाले येऊ दे. भितवाल्या आल्या तं मी इथंच राहीन. नाही आल्या तं तू म्हनशीन तवा येईन."

राजू माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, "राहू दे. आम्ही आहोत."

मग आम्ही सगळेच वाट बघायला लागलो. दिवाळीला नव्या वांग्यांना फुलं आली आणि तशीच गळून पडली. शिंपीन दिसायची, भोंगा दिसायचा, एखादी रानमाशी तुळशीवर असायची. भितवाल्या कुठंतरी गेल्या होत्या. आमच्या कॉलनीत त्यांना जायला दुसरी भिंतच नव्हती. पटवारीसाहेबांनी एक दिवस स्वतःच्या कंपाउंडला पायानं टोकरून बघितलं आणि म्हणाले, "सिमेट आहे सगळं." त्यांना काय करायचं होतं कुणास ठाऊक. काकी जेवायची, झोपायची, भांडी घासायची. सकाळी भिंतीसमोर पिढा टाकून बसायची. हातात भाजी नसायची. कुणी बोललं तर बोलायची. तिच्याशी बोलताना मला बाजूच्या खोलीतल्या माणसाशी बोलल्यासारखं वाटायचं.

राजूचा फोन मला यायचा. "आल्या का जी?" तो आईची तब्येत विचारायच्या आधी हे विचारायचा. त्यालाही आता त्या याव्यात असंच वाटत होतं, हे मला त्याच्या आवाजावरून कळायचं.

होळीच्या आधी एका सकाळी मी काकीच्या सांदवाडीत नळाला पाइप लावत होतो आणि भिंतीखाली पिठासारखी माती पडलेली दिसली. वर बघितलं तर पांढऱ्या मातीत बोट जाईल एवढं भोक. थोड्या वेळानं आतून तोंड बाहेर आलं. मग माशी निघाली, भिंतीसमोर हवेत थांबली, इकडून तिकडून घर नीट बघून घेतलं आणि वांग्यांकडे गेली. तो बारीक आवाज मी किती महिन्यांनी ऐकला. मी पाइप तसाच सोडून ओरडलो, "काकी! आली! भितवाली आली!" माझी बायको धावत आली. पटवारीसाहेब लुंगीवर आले. मी म्हातारा होत चाललेला माणूस, पण त्या वेळेला मला नाचावंसं वाटलं.

काकी आली. पदर सावरून भोकाकडे बघितलं. माशी परत येऊन आत शिरेपर्यंत थांबली.

"हव," म्हणाली. "आली."

आणि आत गेली. तिला बरं वाटलं असेल, एकटीला बसू द्यावं, असं माझी बायको म्हणाली. मीही तसंच धरलं. राजूला मीच फोन केला, आई राहणार म्हणून.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी माझी साकोली-नागपूर फेरी होती. गाडी स्टँडवर लागली, मी तिकिटं काढत मागं गेलो, तर खिडकीपाशी काकी. मांडीवर पिशवी.

मी सवयीनं विचारून बसलो, "कुठं?"

"नागपूर."

मी अर्ध्या तिकिटाचं बटण दाबलं आणि तिकीट तिच्या हातात दिलं. मागं आणखी माणसं होती. त्यांची तिकिटं काढली. लाखनीला गर्दी चढली, भंडाऱ्याला उतरली. भंडारा सुटल्यावर तिच्या बाजूची जागा रिकामी झाली तेव्हा मी जाऊन बसलो.

"काकी, राजूकडे कार्यक्रम आहे का काही?"

"नाही. राहाले चालली."

"अवो, पण भितवाल्या आल्या ना! आणखी दोन भोकं झाली काल, मी पाहिली. तुम्ही म्हणाल्या होत्या, आल्या तर राहीन."

"म्हनलं होतं."

ती बाहेर बघत होती. मग तिनं माझ्याकडे बघून, अगदी बाजारभाव सांगावा तसं सांगितलं.

"भाऊ, बुवा गेला तवा मले रडू नाही आलं. मंग भित सारवली, तवाबी नाही आलं. मले वाटे, त्या आल्या का येईन. मी माश्याईची वाट थोडी पाहून राहिली होती? रडू यायची वाट पाहून राहिली होती." मग ती म्हणाली, "त्या आल्या. मी पाहिल्या. आत जाऊन दार लावून बसली. नाही आलं गा. काईच नाही झालं. मंग आता इथं बसली का, तिथं बसली का."

मी तिच्या हातावर हात ठेवावा असं वाटलं, पण खाकी अंगावर असताना ते जमलं नाही. पुढून कुणीतरी सुट्ट्यासाठी हाक मारली आणि मी उठलो.

नागपूरच्या स्टँडवर राजू मोटरसायकल घेऊन आला होता. तो मला काहीतरी विचारायला बघत होता, पण मागून गाड्या हॉर्न मारत होत्या. काकी पायरीवरून एक एक पाय टाकत उतरली. "जातो भाऊ," म्हणाली. राजूनं पिशवी पुढं अडकवली. ती मागं एका बाजूला बसली आणि एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला. गाडी गर्दीत शिरली तेव्हा तिचं तोंड माझ्याच बाजूला होतं. ती माझ्याकडे बघत होती, की नुसतीच बघत होती, ते मला सांगता येणार नाही.

परतीची वेळ झाली. मी दारात उभा राहून "भंडारा, लाखनी, साकोली, साकोली" ओरडायला लागलो. आवाज नेहमीसारखाच निघाला.